बोलावणे अर्जाचे, प्रवेशाचे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील माझ्या मावसभावाच्या मुलाला एसएटी या अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळाले आणि पाठोपाठ अमेरिकेतील एका विद्यापीठाचा ईमेल आला. 'प्राधान्य अर्जासाठी आपली निवड झाली आहे' हे वाक्य वाचून घरात पेढे वाटले गेले. निवड झाली आहे ती केवळ अर्ज करण्यासाठी, हे मला फोनवर सांगावे लागले आणि सांगताना अवघडल्यासारखे झाले, कारण न्यू जर्सीत राहूनही आम्ही हीच चूक केली होती.

माझ्या मुलीने ऑक्टोबर २०२२ मध्ये शाळेत पीएसएटी ही एसएटीची पूर्वपरीक्षा दिली, तेव्हा महाविद्यालयांना आपली माहिती कळवण्यास तिने होकार दिला होता. परीक्षा घेणारी कॉलेज बोर्ड ही संस्था अशी नावे गुणांचा टप्पा, पिनकोड यांनुसार निवडून महाविद्यालयांना पैसे घेऊन पुरवते. २०१९ च्या सुमारास एका नावाचा दर ४७ सेंट होता. न्यूयॉर्क राज्यात शाळेतच होणाऱ्या परीक्षांतून मिळालेली माहिती अशा रीतीने वापरल्याबद्दल फेब्रुवारी २०२४ मध्ये या संस्थेला साडेसात लाख डॉलर भरण्याचे मान्य करावे लागले.

पुढच्या वर्षी ऑगस्टपासून टपालपेटी भरू लागली. एका जाड पाकिटावर तिचे नाव हाताने लिहिल्यासारख्या वळणात छापलेले होते. आतल्या अर्जात नाव, पत्ता, शाळा आधीच भरलेली, शुल्क माफ, निबंधाची गरज नाही आणि निर्णय काही आठवड्यांत कळवण्याचे आश्वासन. एरवी एकेका अर्जाला पन्नास-साठ डॉलर आणि निबंधाचे चार खर्डे लागतात, तिथे हे दहा मिनिटांचे काम. त्यामुळे ज्या महाविद्यालयाचे नावही आम्ही ऐकले नव्हते, तिथेही तिने अर्ज केला. (पाकीट मी आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवले होते, हे कबूल केलेले बरे.) डिसेंबरमध्ये नकाराचे चार ओळींचे पत्र आले. ते मात्र ईमेलनेच.

अर्ज जितके जास्त, तितके नकार जास्त आणि तितके महाविद्यालय 'निवडक' दिसते, हा यातला हिशेब आहे. महाविद्यालयांची क्रमवारी लावणाऱ्या 'यू. एस. न्यूज'ने प्रवेशाच्या टक्केवारीचा निकष २०१८ मध्ये आपल्या क्रमवारीतून वगळला, तरी पालकांच्या मनातून तो गेलेला नाही. जागा भरण्याची चिंता असलेली महाविद्यालयेही हाच मार्ग धरतात आणि तिथे प्रवेश खरोखर मिळतो, हेही सांगायला हवे. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जात आहे, त्यांना शुल्कमाफीचा आधार वाटतो. त्यामुळे हे अर्ज सरसकट बंद करा, असे मी म्हणणार नाही.

माझा आक्षेप 'निवड' या शब्दाला आहे. मागच्या वर्षी याच गुणांच्या किती मुलांना हे पत्र गेले आणि त्यांपैकी किती जणांना प्रवेश मिळाला, हे दोन आकडे त्याच पाकिटात छापायला काय हरकत आहे? निबंध न देणाऱ्याचा शिष्यवृत्तीसाठी विचार होतो की त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, हेही आमच्या पत्रात कुठे नव्हते. मावसभावाला मी आता हाच प्रश्न विद्यापीठाला लेखी विचारायला सांगितले आहे.

आपली नम्र,
एक पालक, एडिसन, न्यू जर्सी