मोटर बदलण्याआधी

बडोदा, २४ जानेवारी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा तुझी बस आली आणि फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून आता सावकाश लिहिते. पहिल्या स्टायपेंडमधून तू आपल्या ‘लंच बॉक्स’साठी, म्हणजे त्या रिमोटवर चालणाऱ्या पिवळ्या व्हॅनच्या आकाराच्या ट्रकसाठी, ब्रशलेस (आत ब्रश नसलेली, जास्त ताकदीची) मोटर घेतलीस, हे ऐकून मला किती आनंद झाला ते तुला फोनवर कळलं नसेल. ती परत करू नकोस. पण होळीला आलीस की पहिल्याच दिवशी ती बसवायची, हा तुझा बेत मला मान्य नाही. का, ते नीट सांगते. तू इंजिनिअरिंग शिकते आहेस, तेव्हा ‘आई म्हणते म्हणून’ एवढ्यावर तू गप्प बसावंस असं मला वाटत नाही.

आधी ट्रकची खुशाली. उत्तरायण आणि वासी उत्तरायण झाल्यावर आठवड्याभराने मी आणि बाबा तो पोलो ग्राउंडवर घेऊन गेलो. मैदान वरून स्वच्छ दिसतं, पण गवतात तुटलेला मांजा पसरलेला असतोच. थोड्या वेळाने मागचं उजवं चाक जड झालं. घरी आणून चाक काढलं तर अ‍ॅक्सलवर गुलाबी मांजाची घट्ट गुंडाळी बसलेली, काचेच्या पुडीने खरखरीत. चिमट्याने तिचं टोक शोधण्यातच बराच वेळ गेला. उलगडत गेले तसा खालून काळा गाळ निघाला: ग्रीस, माती आणि प्लॅस्टिकचा भुगा. मांजाने बुशचं, म्हणजे चाकाचा दांडा ज्यात फिरतो त्या कडीचं, तोंड खरवडून टाकलं होतं. चाक बसवून अ‍ॅक्सल बोटाने वरखाली हलवला तर टक्‌टक् आवाज यायचा.

ती टक्‌टक् माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे. बुश झिजला की अ‍ॅक्सल आपली जागा सोडतो. अ‍ॅक्सल हलला की गिअरचे दात पूर्ण रुंदीने एकमेकांत बसत नाहीत, टोकावर टोक घासतं. किटमधल्या, म्हणजे ट्रकच्या मूळ सुट्या भागांच्या संचातल्या, साध्या मोटरला हे काही दिवस चालून जातं. तुझी मोटर तिथे लावली असती तर दात सोलून निघाले असते, आणि आपण गिअर कच्चे निघाले म्हणत बसलो असतो.

म्हणून पहिला खर्च बुशच्या जागी घालायच्या छऱ्यांच्या बेअरिंगवर. त्यातली बहुतेक ५ × ११ × ४ मिमी मापाची लागतात. दुकानात एमआर ११५ म्हटलं की समजतात, आणि पुढे ‘टू-आर-एस’ म्हणायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील असलेली. झेडझेड म्हणजे पत्र्याच्या झाकणाची. ती थोडी मोकळी फिरतात, पण पत्रा आणि आतली कडी यांच्यात फट राहते आणि आपल्याकडची पिठासारखी बारीक धूळ त्यातून आत जाते. आपण काही शर्यत लावत नाही, रबराचीच घेऊ.

आता तो ट्रक मनातल्या मनात उलटा करून बघ. टामिया या जपानी कंपनीने तो १९८७ साली काढला, १/१२ मापाचा, आणि २००५ मध्ये पुन्हा बाजारात आणला. नव्याने आणताना मूळ रचनेला फारसा हात लावला नाही. म्हणूनच जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीच्या या गाडीचा एखादा भाग तुटला तर आजही कोरा मिळतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आपल्या घरातल्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल! पण रचना तीच म्हणजे स्वभावही तोच. मागचा गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि मोटर हा एकच जड गोळा आहे, आणि चाकांबरोबर तो सगळाच्या सगळा वरखाली होतो. स्प्रिंगच्या वर असायला हवं असं बरंचसं वजन स्प्रिंगच्या खाली आहे. चाक दगडावरून गेलं की हा गोळा उसळतो. त्याला आवरायला किटच्या डँपरमध्ये, म्हणजे स्प्रिंगची उसळी शमवणाऱ्या नळ्यांमध्ये, तेल नाही, नुसतं घर्षण आहे. थोडी ऊर्जा घासण्यात मुरते, बाकीची स्प्रिंग परत करते. त्यात ते मोठे पोकळ टायर. सगळा ट्रक मग चेंडूसारखा टप्पे घेत जातो.

दुसरी गोष्ट तू माझ्यापेक्षा चांगली मांडशील. मोटर चाकांना पुढे फिरवते तेव्हा तेवढ्याच जोराने गिअरबॉक्सचं घर उलट फिरायला बघतं. एकदम थ्रॉटल दिला की पुढची चाकं उचलली जातात ती यामुळेच. पिवळी व्हॅन मागच्या दोन चाकांवर उभी राहिली की गल्लीतली पोरं काय ओरडतात, तुला माहीत आहेच. ते मला घालवायचं नाही. पण हाच जोर खडबडीत जमिनीवर वाईट वागतो. घर वळतं, चाकाची पकड सुटते, घर परत येतं, चाक पुन्हा जमीन धरतं, पुन्हा वळतं. मागचा भाग थडथड नाचतो, ट्रक पुढे कमी आणि वर जास्त जातो. ताकद वाढवली तर हे नाचणंच वाढेल.

यावर हौशी लोकांनी फार पूर्वीच इलाज काढला आहे, त्याला ते ‘पाचवा डँपर’ म्हणतात. चार कोपऱ्यांतले चार आहेतच. पाचवा आडवा टाकायचा, एक टोक गिअरबॉक्सच्या माथ्यावर आणि दुसरं चासीवर. घर मागे वळू लागलं की हा डँपर त्याला अडवत अडवत जाऊ देतो. एका डँपरने एवढा फरक पडतो हे मला आधी खरं वाटत नव्हतं, पण बळं कुठून कुठे जातात ते कागदावर काढलं तेव्हा पटलं. बाबांच्या पेटीतली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मी कापून, कडा घासून ठेवली आहे. भोकं पाडलेली नाहीत. कोन किती ठेवायचा आणि दाबलेल्या अवस्थेत तो कुठे अडकेल हे तू मोज, तू आखणी कर, ड्रिल तू धर.

बाकीचे चारही आपण तेलाचेच घालू. सिलिकॉनचं तेल भरताना घाई चालत नाही. डँपर उभा धरायचा, पिस्टन खाली ठेवायचा, काठोकाठ तेल ओतायचं आणि पिस्टन अगदी हळू वरखाली करायचा. पिस्टनच्या भोकांतून बुडबुडे माळेसारखे वर येतात. मोठे लगेच येतात, बारके रेंगाळतात. ते संपेपर्यंत डँपर तसाच उभा ठेवून दुसरं काम करायचं. एक जरी आत राहिला तर दांडा दाबताना मध्येच पोकळ लागतो, बोटाला लगेच कळतं. चारही डँपर आलटून पालटून दाबून बघायचे आणि डाव्या-उजव्याचा जोर सारखा लागेपर्यंत पुन्हा उघडायचे.

डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) उघडशील तेव्हा त्यात घट्ट ग्रीस घालायचं आहे, साधं नाही. एक चाक हवेत असलं की साधं डिफ सगळं फिरणं त्या मोकळ्या चाकाला देऊन टाकतं, जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही, आणि आपल्या ट्रकचं एक चाक हवेत नेहमीच असतं.

स्क्रूंबद्दल एवढंच. जपानी किटच्या क्रॉस स्क्रूंचा खाचा जेआयएसचा, म्हणजे जपानी मानकाचा, असतो, आपल्याकडच्या फिलिप्सचा नाही. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही आणि जोर दिला की वर सरकून खाचा गोल करतं. आणि हे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात. एकदा काढलेला स्क्रू परत लावताना आधी हलक्या हाताने उलटा फिरवायचा. एका जागी तो ‘टक्’ करून खाली बसतो, तिथे जुना आटा सुरू होतो, तिथूनच सुलटा फिरवायचा. सरळ दाबून फिरवलास तर दुसरा आटा पडतो आणि दोन-चार वेळांत भोक मोकळं होतं. तुझे आजोबा कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी ती संस्था १८९० मध्ये काढली ती कारागिरी आणि तंत्रविद्या शिकवण्यासाठीच. लेथवर काम करताना आजोबा कुठल्याही आट्याला पहिला वेढा बोटांनीच द्यायचे, पाना नंतर. तुझ्या हातात ते आहे, लहानपणी बाटलीचं झाकणसुद्धा तू तसंच लावायचीस.

आता मोटर. किटमधली ५४० मोटर ७.२ व्होल्टला मोकळी सोडली तर मिनिटाला सुमारे १५ हजार फेरे घेते. तुझी ३३०० केव्हीची आहे, म्हणजे मोकळी असताना दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे. टू-एस लायपोच्या, म्हणजे दोन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या, ७.४ व्होल्टला ३३०० ने गुणलंस तर २४ हजारांच्या वर जातं. प्रत्यक्षात भार आल्यावर कमी होईल, पण दीडपटीहून मोठी ही उडी त्याच गिअरबॉक्सला आणि त्याच अ‍ॅक्सलला झेलायची आहे. टायरसुद्धा रिमवर घसरतील, ते आधी चिकटवावे लागतील. शिवाय ब्रशलेसला तीन तारांचा वेगळा स्पीड कंट्रोलर लागतो, तो तू घेतला आहेस का ते कळव. १९८७च्या किटमध्ये तर यांत्रिक स्पीड कंट्रोलर होता. सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर वळणारी छोटी मोटर, एक हात फिरवायचा, तो धातूच्या पट्ट्यांवरून सरकून पायरी-पायरीने वेग द्यायचा आणि कमी वेगाला उरलेली वीज रेझिस्टर तापवण्यात जायची. त्या मानाने आज आपण सुखी आहोत.

म्हणून माझा क्रम असा: बेअरिंग, मग डँपर, मग पाचवा डँपर, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच मैदानात, त्याच बॅटरीवर एक फेरी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली ते कळणार नाही. हे सगळं नीट चाललं की मोटर. तीही आधी ट्रान्समीटरवर थ्रॉटलची मर्यादा अर्ध्यावर ठेवून. निघालेला प्रत्येक मूळ भाग बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठी लावून ठेवायचा, कारण हा ट्रक कधीही परत १९८७सारखा करता आला पाहिजे. याबाबत मी हट्टी आहे.

लायपोचं मात्र आतापासून सांगून ठेवते. पूर्ण भरल्यावर सेलला ४.२ व्होल्ट, त्याच्या वर नाही. चालवताना ३.२ च्या खाली जाऊ द्यायची नाही, कंट्रोलरचा कटऑफ तसा लावायचा. वापरणार नसू तेव्हा ३.८ च्या आसपास ठेवायची. बॅलन्स चार्जरशिवाय (जो सगळे सेल सारखे भरतो) चार्जिंग नाही, गादीवर नाही, आणि चार्जिंगला लावून झोपायचं तर मुळीच नाही. हॉस्टेलच्या खोलीत तू ती चार्ज करणार नाहीस असा शब्द मला दे. फुगलेली दिसली तर पुन्हा वापरून बघायचीही नाही.

नदीकाठची मोकळी जागा चालवायला छान आहे असं तू म्हणाली होतीस. विश्वामित्रीच्या काठावर नको. मगरी उन्हाला बाहेर येतात, आणि ट्रक उतारावरून खाली गेला तर तू मागे धावशील हे मला माहीत आहे.

येताना दोन नंबरचा जेआयएस स्क्रूड्रायव्हर मिळाला तर बघ, आणि डँपरचं तेल दोन वेगवेगळ्या दाटपणाचं आण, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात एक पातळ पडलं तर दुसरं हाताशी असेल. मोटरच्या खोक्यावर शाफ्टची जाडी लिहिली असेल, ती मला फोटो काढून पाठव. पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) त्यावर बसतो की नाही ते आधीच बघून ठेवते. शुक्रवार रात्रीचं तिकीट मिळालं तर दोन पूर्ण दिवस हातात येतील. बेअरिंग मी इथेच घेते, तू आणू नकोस.

तुझी
आई