हँडल उंच केलं म्हणून दंड कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मॉडिफाय केलेल्या दुचाकींवरच्या कारवाईची बातमी आपल्या अंकात गेल्या आठवड्यात वाचली. रस्त्यावर ओळीनं मांडलेले सायलेन्सर आणि त्यांवरून फिरणारा रोलर, असा फोटो होता. त्या रोलरला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आमच्या गल्लीतही रात्री साडेअकराला फटाके फोडत जाणारं एक रत्न आहे. पण बातमीच्या तळाशी ‘हँडल बदललेल्या गाड्यांनाही दंड करण्यात आला’ असं एक वाक्य होतं, ते मला बोचलं. माझ्या गाडीचं हँडल बदललेलं आहे आणि ते कशासाठी बदललं, हे विचारायला कुणाला वेळ नसतो.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर आहे, लेथवर धातूचे भाग कातून देतो. शेड भाड्याची, लेथ स्वतःचं. पन्नाशी ओलांडल्यावर घरच्यांची बोलणी खाऊन रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेन्टल जीटी ६५० घेतली. दिसायला देखणी, पण हिला क्लिप-ऑन हँडल. साध्या गाडीचं हँडल म्हणजे वरच्या टीवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन पाइपांना वरून जोडणाऱ्या पट्टीवर, आवळलेला एक अखंड पाइप. क्लिप-ऑनमध्ये डावा आणि उजवा असे दोन वेगळे तुकडे असतात आणि ते थेट फोर्कच्या पाइपांवर क्लॅम्पनं आवळलेले असतात. हात खाली आणि पुढं जातात, मनगट मुरडतं आणि पोट टाकीवर येतं. (माझं जरा लवकरच येतं.)

ही बैठक शर्यतीची आहे. ट्रॅकवर ताशी दीडशेनं जाताना समोरचा वारा छातीला उचलून धरतो, त्यामुळं हातांवर फारसा भार राहत नाही. वजन पुढच्या चाकावर येतं, वळणात गाडीचा भरवसा वाटतो. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला ताशी पंधरानं सरकताना कुठला वारा? धडाचं सगळं ओझं दोन तळव्यांवर. आंबा घाट उतरताना तर विचारूच नका. उतारामुळं अंग आधीच पुढं ढकललेलं, त्यात प्रत्येक वळणाला ब्रेक, आणि हे सगळं पेलायला दोन मनगटं. स्पोर्ट बाइक चालवणाऱ्या पोरांना विचारा, वेगापेक्षा गर्दीनंच त्यांचे हात भरून येतात.

माझी सुरुवात मुंग्यांनी झाली. करंगळी आणि शेजारची अनामिका. आधी गाडीवरून उतरलं की जायच्या, पुढं त्या माझ्याबरोबर कामावर यायला लागल्या. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं उपकरण, धरायची आमची एक पद्धत आहे. फ्रेम करंगळी-अनामिकेच्या घडीत धरायची आणि अंगठा व तर्जनीनं थिंबल (फिरवायची मूठ) फिरवायचं. दाब बेताचा ठेवायला रॅचेट असतोच, पण जॉबला (मोजायच्या भागाला) टेकल्याचा अंदाज जुन्या टर्नरला बोटांतूनच येतो. त्या दोन बोटांत फ्रेम आहे की निसटतेय हेच कळेना, तेव्हा जॉब रिजेक्ट होऊन परत यायच्या आधी मी हाडांचे डॉक्टर गाठले.

डॉक्टर भले माणूस. कागदावर पंजा काढून दाखवला. करंगळीच्या बाजूनं पंजात शिरणारी अल्नर नावाची नस आहे. मनगटाशी ती एका अरुंद बोळातून जाते. गुयाँ नावाच्या फ्रेंच सर्जननं १८६१ साली या बोळाचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव. तळव्याचा तो उंचवटा तासन् तास हँडलवर दाबला गेला की नस चेंगरते. लांब पल्ला मारणाऱ्या सायकलवाल्यांत हे दुखणं जुनंच आहे, डॉक्टर लोक त्याला ‘हँडलबार पाल्सी’ म्हणतात. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील तर मात्र नस दुसरी, ती मनगटाच्या मधून जाते. मनगट वाकवून धरणं आणि सारखा क्लच दाबणं तिला मानवत नाही. पोरांनी एवढं तरी बघावं की मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांत येतात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

त्यांनी सांगितलं, गाडी बदला. मी म्हटलं, हँडल बदलून बघतो.

त्याआधी फुकटातले उपाय केले. ते इथं लिहितो, कारण निम्म्या जणांचं त्यांतच भागेल. लिव्हरचा क्लॅम्प ढिला करून लिव्हर इतकं फिरवायचं की बोटं त्यावर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत यावा. शोरूममधून येताना ते बहुधा वर असतं आणि मनगट मागं मोडतं. क्लच केबलला तेल घालायचं, फ्री प्ले (लिव्हरची मोकळी चाल) बघायचा. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरायची, म्हणजे ब्रेक मारल्यावर अंग मांड्यांवर थांबतं, हातांवर येत नाही. ग्रिप आवळून धरायची नाही. पोट-पाठीचा व्यायामही सांगतात. सांगतात म्हणून मीही सांगतो, पुढचं माझ्या पोटाकडं बघून समजून घ्या.

एवढ्यानं त्रास कमी झाला, गेला नाही. मग हँडल काढलं. रॉयल एनफिल्डचीच इंटरसेप्टर ६५० आहे, २०१८ साली जीटीबरोबरच बाजारात आलेली. इंजिन तेच ६४८ सीसीचं, चासी तीच, पुढचा ४१ मिलिमीटरचा फोर्क तोच. फरक हँडल, टाकी, सीट आणि फूटरेस्टचा. तिचं रुंद, उंच, अखंड हँडल मी घेतलं. त्याबरोबर तिची वरची टी आणि तिच्याच मापाच्या लांब केबली आणि ब्रेकचा होज (तेलाची नळी). सगळे कंपनीच्या खोक्यातले, काउंटरवर बिल करून मिळालेले भाग. होज बदलला म्हणजे नवं डॉट ४ तेल भरून नळीतली हवा काढणं आलं, आणि गाडी एबीएसची असल्यानं ते काम मी स्वतः न करता सर्व्हिस सेंटरमधून करून घेतलं.

फरक पडला. पाठ उभी झाली, भार तळव्यांवरून बुडाखाली गेला. मुंग्या गेल्या, पण लगेच नाही. चेंगरलेली नस आपल्या सवडीनं बरी होते. तोटेही सांगतो. जीटीचे फूटरेस्ट मागं आहेत ते मागंच राहिले, त्यामुळं हात वर आणि पाय मागं अशी जरा चमत्कारिक बैठक झालीय. हायवेला वारा थेट छातीवर येतो. पुढच्या चाकाखाली काय चाललंय ते पूर्वी हाताला जास्त कळायचं. हे सगळं मला मान्य आहे. मला मायक्रोमीटर धरता येतो.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीमधला (नोंदणीपत्रातला) तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं करू नये, असं ते सांगतं. आरसीवर चासी नंबर आहे, इंजिन नंबर आहे, रंग आहे, इंधन आहे, हँडलचा रकाना मला तरी दिसला नाही. म्हणजे चालतं म्हणावं, तर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल करता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागं पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मग हँडल कशात बसतं? प्रवासात एका शहरातल्या नाक्यावर मला अडवलं, तेव्हा तिथल्या साहेबांनाही ते सांगता येईना. ‘कंपनीचं नाही ना? मग झालं.’ मी स्पेअर पार्टचं बिल दाखवलं. ‘कंपनीचं आहे, पण या गाडीचं नाही,’ असं उत्तर आलं. आणि तसं बघितलं तर तेही खोटं नव्हतं.

माझा मुद्दा इथंच आहे. एकाच कारखान्यातून एकाच चासीवर दोन हँडलं बाहेर पडतात. दोन्ही तपासलेली, दोन्ही रस्त्यावर चालायला मंजूर. मालकानं एकीचं दुसरीला लावलं की तो गुन्हा कसा? हे फक्त एनफिल्डचं नाही. यामाहाच्या आर-१५ ला क्लिप-ऑन आहे आणि त्याच इंजिनाच्या एमटी-१५ ला सरळ हँडल. केटीएमच्या ‘आरसी’ आणि ‘ड्यूक’ या गाड्यांचंही तेच, आणि त्या तर आपल्या चाकणच्याच. दोन्ही बैठकी ज्यांनी आखल्या, त्या कंपन्यांनी उंच हँडलचं किट आपल्याच ॲक्सेसरीच्या यादीत टाकलं, मापाच्या केबलींसकट, तर कुणाचं काय बिघडणार आहे? माणसांच्या हातांची लांबी एक नाही, उंची एक नाही. एकाच नंबरचा चष्मा सगळ्यांना वाटल्यासारखं एकच हँडल वाटायचं आणि ज्याला लागत नाही त्यानं सोसायचं.

‘अशी गाडी घेतलीच कशाला?’ हा प्रश्न मला माहीत आहे. घरी रोज विचारतात.

माझा भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत, श्टुटगार्टजवळ असतो. तिकडं बदल चालतच नाहीत असं कुणाला वाटेल, पण तिथली पद्धत मला शहाणपणाची वाटली. हँडल विकत घेताना त्याबरोबर मंजुरीचा कागद येतो. काही कागद नुसते जवळ बाळगले तरी पुरतात. काहींसाठी टीयूव्ही किंवा डेक्रा या तपासणी संस्थांच्या तपासनीसाकडं गाडी न्यायची. बसवणूक बरोबर आहे का ते तो बघतो आणि गाडीच्या कागदावर नोंद होते. स्पोर्ट बाइकसाठी वरची टी, सपाट हँडल आणि लांब होज असं पुरं किट बनवून अशा कागदासकट विकणाऱ्या कंपन्या तिकडं आहेत. आपल्याकडं पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था १९६६ पासून आहे, अख्ख्या गाड्या तपासून मंजूर करते. हँडलच्या किटवर तिचा नंबर ठोकायला काय हरकत आहे? हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा केला, तसंच हे.

हे लवकर व्हावं असं वाटण्यामागं धंद्यातलं एक कारण आहे. मंजूर किट नाही म्हणून पोरं माझ्याकडं येतात. मोबाइलवर फोटो दाखवतात, ‘काका, हँडल उंच करायला एवढा स्पेसर टर्न करून द्या की.’ मी नाही म्हणतो. मग ती दुसऱ्या शेडला जातात आणि तिथं कुणीतरी करून देतं. क्लिप-ऑनच्या क्लॅम्पचं बोअर (आतलं भोक) फोर्कच्या पाइपाला तंतोतंत बसावं लागतं. जास्त झालं की डब्याचा पत्रा कापून शिम घालतात. असं हँडल ऐन खड्ड्यात पाइपावर फिरतं. कापून वेल्डिंग केलेल्या पाइपाची गत आणखी वाईट. वेल्डच्या शेजारी धातूचा स्वभाव बदललेला असतो, रोजच्या हादऱ्यांनी तिथं केसाएवढी चीर पडते. वर रबरी ग्रिप किंवा पावडर कोटिंग असल्यानं ती दिसत नाही. काही जण फोर्कचे पाइपच टीमधून वर सरकवून क्लिप-ऑन वर घेतात. त्यानं गाडीचं नाक खाली येतं, फोर्क उभा होतो, ट्रेल (चाकाला सरळ ठेवणारं अंतर) कमी होतो, आणि सरळ रस्त्यावर गाडी बिचकायला लागते. हाताचं दुखणं घालवायला गेलेलं पोर भलतंच दुखणं घरी आणतं.

चांगलं हँडल बसवलं तरी एक तपासणी चुकवू नका. मेन स्टँडवर, इंजिन चालू ठेवून, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जातेय. होज कुठं ओढला जातो का, अंगठा टाकीत चेपतो का, स्विचच्या वायरी टीखाली सापडतात का, ते बघा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, आणि जुनं हँडल भंगारात घालू नका. गाडी विकताना किंवा पासिंगला लागतं.

परिवहन खात्याकडं मागणी एवढीच, की सायलेन्सर, नंबरप्लेट आणि हँडल यांना एका दावणीला बांधू नका. त्याच कंपनीच्या, त्याच चासीच्या गाडीचं मूळ हँडल बसवलेलं असेल आणि बिल जवळ असेल तर दंड नाही, असं एक साधं परिपत्रक काढा. नाक्यावरच्या हवालदारालाही ते वाचून दाखवता येईल. बाहेरच्या किटचं एआरएआय ठरवू दे. खात्यातल्या कुणी जाणकारानं यावर उत्तर लिहिलं, तर ते याच सदरात छापावं ही विनंती.

आपला,
एक टर्नर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
(नाव छापू नये. गाडी सगळ्यांना माहीत आहेच.)