फुकट शस्त्रक्रियेचा खाडा कोण भरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत दुभंगलेल्या ओठांच्या मोफत शस्त्रक्रियांवर आलेला पानभर लेख वाचला. परदेशस्थ देणगीदारांचे औदार्य, पाऊण तासाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर 'कायमचे बदललेले आयुष्य' असा त्याचा एकूण सूर होता. मराठवाड्यातील एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी बहुतेक नोकरी अशाच मुलांचे कागद रंगवण्यात गेली. त्यामुळे त्या पाऊण तासाचे मोल मला कोणी सांगायला नको. त्याच्या आधीच्या महिन्यांबद्दल आणि नंतरच्या वर्षांबद्दल मात्र आपल्या लेखात चकार शब्द नाही.

लेखाच्या चौकटीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने जगभरातील शस्त्रक्रिया-सेवेवर नेमलेल्या आयोगाच्या 2015 च्या अहवालाचा हवाला देऊन, जगातील 500 कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही, हे ठळक अक्षरांत छापले आहे. त्याच अहवालात असेही म्हटले आहे की, दरवर्षी शस्त्रक्रिया आणि भूल यांच्या खर्चाने 3 कोटी 30 लाख लोकांचे कंबरडे मोडते आणि प्रवास, राहणे, खाणे अशा वैद्यकीय नसलेल्या खर्चाने आणखी 4 कोटी 80 लाख लोकांचे. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे. चौकटीत जागा उरली नसावी.

हा दुसरा आकडा कसा तयार होतो ते मी एका मुलीच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. आईबाप बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. मुलीचा ओठ आणि तोंडातली टाळू दोन्ही दुभंगलेले. अशा बाळाला अंगावरचे दूध ओढता येत नाही, ते पिळून बोंडल्याने किंवा चमच्याने तासन् तास पाजावे लागते, आणि ते जिने करायचे ती बाई फडात मोळ्या बांधत असते. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी बाळ साधारण दहा आठवड्यांचे, साडेचार किलो वजनाचे आणि हिमोग्लोबिन दहा असलेले हवे, हा जुना ठोकताळा आहे आणि तो योग्यच आहे. ही मुलगी पहिल्या शिबिरातून वजन भरत नाही म्हणून परत गेली. परत पाठवलेल्या मुलांची छायाचित्रे कोणत्याही संस्थेच्या अहवालात नसतात.

पुढच्या पावसाळ्यात तिचा ओठ शिवला गेला आणि अतिशय सुरेख शिवला गेला. आधीचे आणि नंतरचे छायाचित्र देणगीदार संस्थेकडे रवाना झाले. देणगीदाराच्या दृष्टीने मुलगी तिथेच बरी झाली. टाळूची शस्त्रक्रिया मूल बोलायला लागण्यापूर्वी, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हावी लागते. रुग्णालयाने तारीख दिली ती जानेवारीतली. जानेवारीत हे कुटुंब सांगलीकडच्या एका कारखान्याच्या फडावर होते. पत्र गावी आजीच्या हातात पडले, आणि तिला वाचता येत नव्हते. निरोप पोहोचला तेव्हा मुकादमाने सांगितले की, जायचे तर जा, खाडा पडेल. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, असते. दोघांपैकी एकजण जरी गैरहजर राहिला तरी कोयता बसतो, आणि त्या दिवसाची मजुरी बुडून वर दंड उचलीत, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेत, चढतो. मुलीसोबत रुग्णालयात आठ-दहा दिवस काढायचे म्हणजे तितके खाडे. शस्त्रक्रिया फुकट होती, पण तिथे जाऊन राहणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. ते आले नाहीत. केसपेपरवर 'पालक उदासीन' असा शेरा पडला, आणि तो कोणत्या हाताने लिहिला हे मला माहीत आहे. त्या हाताने ऊस कधी तोडलेला नव्हता.

मुलगी चार वर्षांची झाल्यावर टाळू शिवली गेली. तोवर तिचे बोलणे गेंगाणे झालेले होते. प, ब, क, ग या वर्णांसाठी तोंडात हवा कोंडावी लागते. ती नाकावाटे निसटली की 'बाबा' हाक 'मामा' अशी ऐकू येते. घरात ते हसण्यावारी गेले, शाळेत गेले नाही. टाळूचे छिद्र बुजले तरी जिभेला लागलेली सवय आपोआप जात नाही, त्यासाठी महिनोन् महिने वाचाउपचार लागतात. शिवाय अशा मुलांच्या कानात पाणी साचून ऐकू कमी येते, त्याची तपासणी वेगळी. आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान हिरडीत हाडाचे कलम करावे लागते, दात सरळ करावे लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या केंद्रात वाचाउपचारतज्ज्ञ असावा अशी तरतूद आहे. आमच्याकडे ती खुर्ची माझ्या निवृत्तीपर्यंत बहुतेक काळ रिकामीच होती. जवळचा तज्ज्ञ दीडशे किलोमीटरवर.

मी त्या देणगीदार संस्थेला सविस्तर पत्र लिहिले. शस्त्रक्रियेसाठी आपण जो खर्च देता त्याच्या एखाद्या लहान हिश्शात या मुलीच्या आईचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी भरून निघेल, एवढीच विनंती होती. उत्तर अत्यंत सभ्य भाषेत आले. देणगी केवळ शस्त्रक्रियेसाठी असल्याने इतर खर्च मंजूर करता येत नाही, असे त्यात होते. खाली मात्र वार्षिक अहवालासाठी मुलीचे एक ताजे, शक्यतो हसतानाचे छायाचित्र पाठवावे, असे सुचवले होते.

सर्वच संस्थांना मी एका मापाने मोजत नाही. 1982 साली स्थापन झालेल्या ऑपरेशन स्माइलची ओळख परदेशातून डॉक्टरांची पथके नेण्याने झाली. 1999 साली निघालेल्या स्माइल ट्रेनने स्थानिक शल्यविशारदांनाच पैसा आणि प्रशिक्षण देण्याचा मार्ग धरला. माझ्या मते तोच शहाणपणाचा आहे, आणि ती संस्था आता पोषण व वाचाउपचारांनाही मदत करते. पंढरपूरला जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले पद्मश्री डॉ. शरदकुमार दीक्षित यांच्याविषयी तर माझ्या मनात केवळ आदर आहे. कर्करोगात आवाज गमावल्यावर आणि अपघाताने चाकाच्या खुर्चीत बसल्यावरही हा माणूस भारतात येऊन हजारो मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करत राहिला. माझे भांडण त्यांच्याशी नाही. छायाचित्रात जे दिसते त्यालाच पैसे मिळतात आणि बोलणे छायाचित्रात दिसत नाही, या व्यवस्थेशी आहे. आपल्या लेखाने त्याच व्यवस्थेला आणखी दोन छायाचित्रे पुरवली.

त्या छायाचित्रांखाली लेखातल्या मुलीचे पूर्ण नाव, गाव आणि तालुका छापण्याची काय गरज होती, हेही कळले नाही. उद्या ती दहावीला जाईल, तिचे लग्न ठरेल, आणि आपले वृत्तपत्र कोणाच्या तरी भ्रमणध्वनीत तेव्हाही सापडेल. वर लेखाला मथळा 'ओठांवरचे ग्रहण सुटले'! गरोदरपणी ग्रहणात विळी हातात धरली म्हणून मूल असे झाले, असे सासूने ऐकवलेल्या कितीतरी बाया माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. जगात साधारण सातशे जन्मांमागे एक मूल असे जन्मते, ग्रहण असो वा नसो. हे समजावण्यात आम्ही वर्षे घालवायची आणि आपण ते एका मथळ्यात पुसून टाकायचे, हे बरे आहे.

लेखाच्या शेवटी देणगीसाठी बँक खात्याचा तपशील दिला आहे. वाचकांनी अवश्य द्यावे. फक्त देताना संस्थेला लेखी विचारावे की टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर वाचाउपचार किती महिने, कुठे आणि कोणाच्या पैशाने होतात, आणि सोबत येणाऱ्या आईच्या बुडालेल्या मजुरीसाठी काही रक्कम राखलेली आहे का. मिळालेली उत्तरे आपण छापावीत. त्यासाठी एखादी जाहिरात कमी करावी लागली तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक, मराठवाडा