ताई, आमची कंट्रोल रूम तुझ्यामुळे उभी राहिली

ताई,

तुला फोनवर थँक्यू म्हटलं तर तू "असू दे रे, त्यात काय" म्हणून विषयच बदलतेस, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. आणि खरं सांगू का, तू आम्हाला जे दाखवलंस ते फक्त आमच्यापुरतं राहू नये असंही वाटतं. कारण आमच्यासारखे ग्रुप खूप आहेत, रेकॉर्ड करायची गाणी तयार आहेत, वाजवणारे तयार आहेत, थोड्या दिवसांसाठी एक हॉल आणि शेजारच्या एक-दोन खोल्या मिळाल्यात, पण पूर्ण स्टुडिओ भाड्याने घेण्याइतके पैसे कधीच जमत नाहीत.

तू आलीस तेव्हा आम्हाला वाटलं आता मायक्रोफोन, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा), प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा) यांची चर्चा होणार. तू बॅगसुद्धा न उघडता खोल्यांमधून टाळ्या वाजवत फिरलीस! प्रत्येक खोलीत एक टाळी, मग गप्प उभं राहून ऐकायचं. मग म्हणालीस, पैसे आधी ऐकण्यावर घालवा, कंट्रोल रूममध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून मिक्स करायच्या खोलीत, जे ऐकू येतंय ते खरं असेल तर साध्या मायक्रोफोननेही चांगलं रेकॉर्ड होतं आणि तिथलं ऐकणंच खोटं असेल तर कितीही महाग सामान आणा, निर्णय चुकीचेच होणार. पुढे सगळं बजेट या एका वाक्यावर मांडलं गेलं.

पहिला फरक पडला तो कंट्रोल रूमची खोली निवडताना. हॉलला लागून जी खोली होती ती सगळ्यांना सोयीची वाटत होती, तू मात्र दोन दारं पलीकडची घ्यायला लावलीस. ड्रम्स आणि बेस भिंतीतून थेट येत राहिले तर मॉनिटरमधून, म्हणजे मिक्स ऐकायच्या स्पीकरमधून, काय येतंय आणि भिंतीतून काय येतंय हे कानाला वेगळं करता येत नाही. तो आवाज अडवायचा तर वजनदार आणि हवाबंद भिंत लागते, पडदे आणि फोम लावून तो थांबत नाही, आणि दुसऱ्याच्या जागेत भिंत कुठून बांधणार. "भिंतीपेक्षा केबल स्वस्त" हे तुझं वाक्य आमच्या ड्रमरने स्टेज बॉक्सवर (हॉलमधले माइक जिथे जोडतात त्या डब्यावर) मार्करने लिहून ठेवलंय. बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेली खरखर रद्द करणारी) असेल तर मायक्रोफोनचा सिग्नल एवढ्या अंतराला आरामात जातो हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण त्याचा उपयोग खोली निवडण्यासाठी करायचा हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. एक जुना मल्टिकोर (अनेक माइकच्या वायरी एकत्र असलेली जाड केबल) भाड्याने मिळाला, तो टाकला आणि काम झालं.

आता तो प्रसंग, जो मी जन्मभर विसरणार नाही. खोली साडेतीन मीटर लांब. तू आमच्या बेस गिटार वाजवणाऱ्याला हॉलमध्ये बसवलंस आणि सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटची 'जी' (G) ही नोट सलग वाजवत राहा म्हणालीस, इकडे मॉनिटर चालू, आणि आम्हाला समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत हळूहळू चालायला लावलंस. भिंतीजवळ ती नोट छातीत भरत होती, चालत चालत खोलीच्या मधोमध आलो तर खालचा सगळा भार गेला, नुसता वरचा खरखरीत भाग शिल्लक, आणि पुढे गेलो की परत आली. कुणी काहीच हलवलं नव्हतं, फक्त आम्ही चाललो होतो. मग तू कागदावर मांडून दाखवलंस, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की ४९ हर्ट्झ, हाच आवाज या खोलीच्या मधोमध नाहीसा होतो, आणि ती 'जी' नोटसुद्धा बरोबर ४९ हर्ट्झचीच. म्हणजे मधोमध खुर्ची ठेवून मिक्स करणारा माणूस त्या नोटेवर बेस वाढवत बसणार आणि बाहेर ऐकणाऱ्याचे कान फुटणार. म्हणून खुर्ची समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, तिथून सुरुवात करून कानाने पुढेमागे सरकवायची. मॉनिटर त्यांच्या पाठीमागच्या, म्हणजे आमच्या समोरच्या भिंतीच्या जवळ ठेवलेस, कारण भिंतीपासूनचं अंतर ८५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर भिंतीवरून परतणारा आवाज १०० हर्ट्झजवळ मूळ आवाजालाच खातो. भिंतीजवळ ठेवल्यामुळे जो जास्तीचा बेस आला तो मॉनिटरच्या मागच्या स्विचने कमी केलास.

आवाज शोषणाऱ्या पॅनल्सवर खर्च झाला तो मात्र तू हात न आखडता करायला लावलास. लाकडी चौकट, आत १०० मिलिमीटर रॉकवूल (दगडापासून बनवलेला लोकरीसारखा थर), वरून कापड, आणि खाली पाय, कारण दुसऱ्याच्या भिंतीला खिळा मारायचा नव्हता. भिंतीपासून थोडी पोकळी सोडून उभी केली की अजून खालच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत काम करतात. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क नसेल तर कुणाला जवळ येऊ दिलं नाहीस हेही इथे लिहून ठेवतो. पॅनल कुठे ठेवायचं ते आरशाने ठरवलं, एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत जायचं, आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे पॅनल. उरलेली कोपऱ्यात. इतकं सोपं, आणि लावल्यावर गायिकेचा आवाज एकदम दोन स्पीकरच्या मधोमध येऊन उभा राहिला, आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

विजेच्या बाबतीत तू सगळ्यात कडक होतीस आणि त्यासाठी वेगळे आभार. संध्याकाळी स्पीकरमधून तो घूं असा हम यायला लागला तेव्हा कुणीतरी सुचवलं की लॅपटॉपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकू, बऱ्याच ठिकाणी करतात. तू पक्कड हातातून काढून घेतलीस आणि म्हणालीस, ती पिन माणूस जिवंत राहावा म्हणून आहे, हमसाठी तिला हात लावायचा नाही. मग ऑडिओचं सगळं सामान एकाच सर्किटवर आणलंस, दिव्यांचा डिमर बंद करवलास, मायक्रोफोनच्या केबल जिथे मेनच्या वायरवरून जात होत्या तिथे काटकोनात ओलांडून घेतल्यास, आणि बेसच्या डीआय बॉक्सवरचं (गिटार माइकच्या केबलला जोडायचा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलंस, ते फक्त ऑडिओ केबलचं ग्राउंड तोडतं, विजेचं अर्थिंग नाही. हम गेला. यूपीएसवर लॅपटॉप, इंटरफेस आणि बाहेरची ड्राइव्ह एवढंच, मॉनिटर नाहीत.

हेडफोनचं थोडक्यात सांगतो. वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज इंटरफेसमधूनच थेट दिला, लॅपटॉपमधून फिरवून नाही, त्यामुळे उशीर जाणवण्याचा प्रश्नच आला नाही. टॉकबॅकला, म्हणजे कंट्रोल रूममधून वाजवणाऱ्यांशी बोलायला, एक साधा माइक. हॉल दिसत नव्हता म्हणून जुना फोन कॅमेरा म्हणून लावला.

रेकॉर्डिंगची लेव्हल किती ठेवायची याबद्दल आमच्यात आधी फार वाद व्हायचे. तू शांतपणे सांगितलंस की २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताय तर मीटर लालपर्यंत नेण्याची गरजच नाही, सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्याच्या वर गेलं की आवाज फुटतो), जोरदार ठोका उणे १० पर्यंत गेला तरी ठीक, गायिका भावनेच्या भरात मोठ्याने गायली तरी टेक फुटणार नाही. आणि तसंच झालं, शेवटच्या अंतऱ्याला ती अशी काही सुटली की खोलीत सगळ्यांच्या अंगावर काटा आला आणि मीटरला अजून जागा होती. ४८ किलोहर्ट्झला १६ चॅनल म्हणजे तासाला आठ जीबीहून थोडं जास्त, हा हिशोब तू आधीच करून दिल्यामुळे ड्राइव्ह किती घ्यायच्या हे नेमकं कळलं. प्रत्येक चॅनलची वेगळी फाइल ठेवा हा सल्लाही सोन्यासारखा, कारण साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते आणि सोळाच्या सोळा एकाच फाइलमध्ये घातले तर अर्ध्या तासातच ती गाठली जाते. दोन ड्राइव्हवर कॉपी होऊन ती उघडून ऐकल्याशिवाय एकही केबल काढायची नाही, हा नियम आम्ही अजून पाळतो.

मॉनिटरच्या आवाजाच्या बटणावर तू चिकटवलेला टेपचा तुकडाही तसाच आहे. रोज त्याच खुणेवर ऐकायचं, कारण आवाज लहानमोठा झाला की कानाला बेस कमीजास्त वाटतो, हे फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय असं तू म्हणालीस. आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की काल केलेला मिक्स आज वेगळा वाटला तर खरंच काहीतरी बदललंय, नुसतं बटण फिरलेलं नाही.

ताई, तुला तयार स्टुडिओत बसून काम करायची सवय, तरी तू जमिनीवर बसून आमच्या केबलच्या दोन्ही टोकांना लेबलं लावलीस. तू कुणालाही "तुम्हाला हे माहीत नाही?" असं म्हणाली नाहीस. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, जो फक्त सामान उचलायला आला होता, त्याला तू केबल गुंडाळायला शिकवलंस, एक वेटोळं सरळ आणि एक उलटं, आणि दुसऱ्या दिवसापासून पॅचिंगची (कोणती केबल कुठे जोडली याची) वही त्याच्याच हातात दिलीस. आता तो आमचा इंजिनिअर आहे. त्याच्या आईने तुला वेगळा नमस्कार सांगितलाय.

गाण्यांचे मिक्स झालेत, तुला पाठवतोय, घाई नाही पण तुझ्या खोलीत तुझ्या स्पीकरवर ऐकून खाली बेसमध्ये काय चाललंय ते मोकळेपणाने सांग. पॅनल्स सध्या दुसऱ्या एका ग्रुपला दिलीत, त्यांनाही असाच हॉल मिळालाय. आरशाचं त्यांना मी सांगितलंय, बेसचं तू सांग, ते तुला या आठवड्यात फोन करतील.

तुझा,
हॉलवाल्या ग्रुपमधला कीबोर्डवाला