गांडूळखताच्या नावाखाली कच्चं शेण पाठवलंत, पैसे परत करा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार, मी भुसावळहून लिहितेय. तुमच्याकडून ऑनलाइन मागवलेल्या गांडूळखताच्या दोन बॅगांबद्दल तक्रार आहे, आणि यावेळी प्लीज ते रेडिमेड उत्तर पाठवू नका.

पहिली बॅग वरवर बरी दिसली म्हणून मागच्या अंगणातल्या वाफ्यात गेली. थंडीत घरच्या वांग्यांचं भरीत करायचं म्हणून तिथे भरीताच्या वांग्याची रोपं लावली होती. चांगली धरलेली रोपं एकेक करून माना टाकायला लागली, एक उपटलं तर ते अलगद हातात आलं, खाली मुळंच नाहीत, आणि मातीत पांढरी जाड हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, वेटोळं करून बसलेली. मग दुसरी बॅग फोडली तर शेणाचा भपकारा, आत पण तशीच हुमणी, आणि हात घातला तर खत चक्क कोमट, म्हणजे कुजणं अजून चालूच आहे ना! तयार गांडूळखत थंड असतं, चहापत्तीसारखं मोकळं पडतं. ह्याचे गोळे, मधे काड्या, एका गोळ्यात तर गुटख्याच्या पुडीचा तुकडा. शेजारचे आबा नुसतं बघूनच म्हणाले, "हाई ते कच्चं शेण शे."

फोटो टाकले तर तुमचा माणूस म्हणतो, मॅडम ते गांडूळ आहेत, फायद्याचे असतात. अहो, गांडुळाला पाय नसतात, ह्याला सहा आहेत आणि फोटोत दिसतायत. खतं विकणाऱ्याला एवढं तरी माहीत असावं.

खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे गांडूळखताला घाण वास नको, ओलावा १५ ते २५ टक्के, आणि ९० टक्के माल ४ मिमीच्या चाळणीतून पडला पाहिजे. तुमचा माल मूठ दाबली की पाणी सोडतो, आणि रेती चाळायच्या चाळणीतूनसुद्धा पडणार नाही. बॅगेवर पॅकिंगचा महिना आहे तो पण पुसट, वाचताच येत नाही.

तर दोन्ही बॅगांचे पैसे डिलिव्हरी चार्जसकट परत करा, कूपन वगैरे नकोय, आणि ह्या लॉटचा टेस्ट रिपोर्ट पाठवा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करेन आणि कृषी खात्याच्या खत निरीक्षकांना नमुना घ्यायला सांगेन. दुसरी बॅग त्यासाठीच तशीच बांधून ठेवलीय. तुम्हाला न्यायची असेल तर लवकर माणूस पाठवा, सगळ्या गल्लीत वास सुटलाय.