परवाना कोण काढून घेणार?

अमेरिकेतील चार्टर शाळांची (म्हणजे परवाना घेऊन सरकारी पैशावर, पण खासगी व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळांची) पाठराखण करणारा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी तोच मार्ग सुचवणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला. सरकारी पैसा, खासगी व्यवस्थापन आणि चाचण्यांतील गुण यांवर लेखकाची भिस्त आहे. मात्र शाळेला परवाना कोण देतो आणि तो काढून कोण घेतो, याविषयी लेखात अवाक्षर नाही. खरी मेख तिथेच आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हा अधिकार एकट्या राज्य शिक्षण मंडळाकडे आहे आणि तिथल्या बॉस्टन शहराच्या चार्टर शाळा नावाजलेल्या आहेत. उलट मिशिगन राज्यात विद्यापीठांपासून स्थानिक शिक्षण मंडळांपर्यंत अनेक जण परवाने देतात, आणि बहुतेक चार्टर शाळांचा कारभार नफा कमावणाऱ्या कंपन्यांच्या हाती आहे. त्याच राज्यातल्या डेट्रॉइट शहराच्या पालकांना याचा काय अनुभव आला, ते लेखकाने जरूर पाहावे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रेडो या शिक्षणविषयक संशोधन केंद्राच्या २००९ च्या पाहणीत गणितामध्ये १७ टक्के चार्टर शाळा सरस, तर ३७ टक्के शाळा सरकारी शाळांहून मागे आढळल्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चार्टरची मुले पुढे आहेत; पण गणितातली आघाडी वर्षाकाठी अवघ्या सहा दिवसांच्या शिकण्याइतकी! सरासरी सुधारली तरी वाईट शाळेत अडकलेल्या मुलाचे वर्ष परत येत नाही. आपल्याकडे शाळा खासगी हाती सोपवायच्याच असतील, तर त्या काढून घेण्याचे नियम शासनाने आधी जाहीर करावेत.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा