छत्री आडवी धरणाऱ्या शिआनच्या ताईंना

ताई,

सा. न. वि. वि.

ह्यांची तब्येत आता उत्तम आहे, हे आधी सांगते. साखर ताब्यात आहे, कृष्णेच्या घाटापर्यंतचं सकाळचं फिरणं पुन्हा सुरू झालंय आणि तुमच्याकडचे अक्रोड रोज सकाळी दोन मोजून खातात. निघताना तुम्ही ज्या नजरेनं ह्यांच्याकडे पाहत होतात, ती काळजी मला घरी आल्यावरही आठवत राहिली. म्हणून खुशाली पहिली.

हे पत्र तुम्हाला आहे, पण मी ते सगळ्यांदेखत लिहितेय. तुम्ही जे केलंत ते भर रस्त्यात केलंत, तर आभारही चारचौघांतच मानले पाहिजेत.

तो दिवस आमचा फार छान चालला होता हो. चीनच्या सहलीतला शिआनमधला तो मोकळा दिवस, ग्रुप नाही, झेंडा घेऊन पुढे पळणारा गाइड नाही. सकाळी दक्षिण दरवाज्यातून तुमच्या शहराच्या तटावर चढलो. हे वाईच्या शाळेत निवृत्तीपर्यंत इतिहास शिकवत होते, गड आणि तट हा ह्यांचा जिव्हाळ्याचा विषय. आपल्याकडे गडाच्या तटावरून जाताना पुष्कळ ठिकाणी एकामागे एक चालावं लागतं. तुमच्याकडे वरची रुंदीच बारा मीटरच्या पुढे! मिंग राजवटीत 1370 च्या दशकात बांधलेला हा तट जवळजवळ चौदा किलोमीटर शहराला वेढून उभा आहे आणि वर चक्क भाड्यानं सायकली मिळतात. आम्ही दोघांची एक सायकल घेतली. हे पुढे, मी मागे. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी फिरलो नव्हतो.

खाली उतरून जवळच्याच शुयुआनमेनच्या गल्लीत शिरलो. तिथं दुकानादुकानांतून लहानमोठे कुंचले टांगलेले, शाईच्या वड्या, दगडी दौती. हे घरी मुलांना मोडी शिकवतात, त्यामुळे तिथून ह्यांचा पाय निघेना. दुकानदारानं ओल्या कुंचल्यानं फरशीवर एक अक्षर काढून दाखवलं, मग ह्यांनीही त्याच कुंचल्यानं मोडीतला ‘श्री’ काढला. तो माणूस वाकून वाकून ते अक्षर बघत होता. कुंचला घेतलाच. मग घंटा-मनोरा, ढोल-मनोरा आणि त्याच्या मागे तुमचा बाजार. मशिदीकडे जाणाऱ्या बोळात मी कागद कापून केलेली लाल नक्षी सुनेसाठी घेतली. कॅल्क्युलेटरवर बाई आकडा टाइप करणार, मी खोडून माझा टाकणार, ती कपाळाला हात लावणार, मी निघाल्यासारखं करणार. भाषा कुठं लागतेय! मंडईत घासाघीस करून हाडं मुरलेली माझी.

आणि इथंच एक गोष्ट लिहायला हवी. ह्यांना सकाळी इन्सुलिन असतं, जेवण वेळेवर लागतंच, नाहीतर साखर एकदम खाली जाते. आम्ही शाकाहारी, त्यातून परका मुलूख. म्हणून सहल ठरवतानाच कंपनीच्या ऑफिसात बसून सगळं बोललो होतो. ‘काकू, निर्धास्त राहा, मोकळ्या दिवशीसुद्धा जेवणाचा डबा तुमच्या हातात मिळेल,’ असा शब्द मिळाला होता. आपलीच माणसं, आपलीच भाषा, कार्डावर गणपतीचं चित्र. त्या सकाळी डबा आला नाही. फोन केला तर म्हणे डबा ढोल-मनोऱ्यापाशी येतोय. तिथं गेलो तर फोन उचलेनात. शेवटी उचलला तेव्हा उत्तर मिळालं, ‘फ्री डेला आमची जबाबदारी येत नाही, जवळपास काहीतरी बघून घ्या.’ आदल्या दिवशी ह्याच लोकांनी पहिल्या चिनी सम्राटाच्या कबरीपाशी पुरलेले मातीचे सैनिक बघायला जाताना वाटेत जेडच्या, म्हणजे त्या हिरव्या दगडाच्या, शोरूममध्ये आम्हाला बसवून ठेवलं होतं. 1974 साली शेतकऱ्यांना विहीर खणताना सापडलेलं ते सैन्य बघायला ह्यांनी आयुष्यभर वाट पाहिली आणि खड्ड्यांपाशी पोचलो तेव्हा चला चला सुरू. तेही आम्ही गिळलं होतं. पण डब्याचं मी गिळणार नाही.

तुमच्या खारका-अक्रोडांच्या दुकानाशी येईतो ह्यांचा शर्ट घामानं चिंब झाला होता. हात थरथरायला लागले, बोलणं तुटायला लागलं आणि ह्यांनी तुमच्या पायरीशी बसकण मारली. माझ्याकडची गोळ्या-बिस्किटं फोनच्या नादात ताटकळतानाच संपली होती. मी पर्स उलटी केली, त्यातलं इन्सुलिनचं पेन तुम्ही पाहिलंत आणि पुढं मला काही सांगावंच लागलं नाही. तुमच्या चहातली खडीसाखर, कोमट पाणी, कपाला लावलेला तुमचा हात. एकेक घोट, घाई नाही.

पण ताई, मी पत्र लिहायला बसले ती साखरेसाठी नाही. साखर कुणीही दिली असती, असं मला अजूनही वाटतं.

माणूस रस्त्यात बसला की गर्दी जमते. जगात कुठंही जमते. त्या गल्लीत तर आधीच खांद्याला खांदा लागत होता. पुढचे थांबले, मागचे टाचा उंचावून बघू लागले आणि मग फोन वर झाले. एक, दोन, बघता बघता कितीतरी. एक मुलगा लांब दांडीवर फोन लावून काहीतरी बोलत बोलत अगदी पुढ्यात आला. ह्यांची मान खाली, तोंडातून पाणी गळतंय, चष्मा कलंडलेला. मी पदरानं तोंड झाकावं म्हटलं तर अंगावर पंजाबी ड्रेस, ओढणी इवलीशी.

तेव्हा तुम्ही कप माझ्या हातात दिलात, दुकानाबाहेरची ती मोठी छत्री उचललीत आणि आडवी करून रस्त्याच्या बाजूला धरलीत. तिची काठी तुम्ही काखेत दाबली होती. अंगावरच्या ॲप्रनला खारकांचा चिकट हात पुसत तुम्ही त्या मुलाला काहीतरी एकच वाक्य बोललात. आवाज चढवला नाहीत. त्यानं दांडी खाली घेतली. शेजारच्या दुकानातली दोन पोरं मोठ्या लाकडी हातोड्यांनी दाणे-साखर कुटत होती, आपल्या लोणावळ्याच्या चिक्कीचंच भावंड ते. त्यांनी हातोडे ठेवले आणि छत्रीच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभी राहिली. त्या कापडाच्या आड आम्ही दोघंच उरलो. हे पाणी प्यायले, रंग परत यायला लागला, ह्यांनी स्वतःच्या हातानं चष्मा नीट केला. तुम्ही तेवढा वेळ एकदाही मागं वळून पाहिलं नाहीत. दुकानापुढं गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यांच्याकडेही नाही.

रात्री हॉटेलात हे मला म्हणाले, ‘मला सगळं कळत होतं गं, फक्त बोलता येत नव्हतं. मेलो तर मेलो, पण असं लोकांनी बघू नये, एवढंच वाटत होतं.’ जन्मभर वर्गापुढं ताठ उभा राहिलेला माणूस हा. त्यांच्या मनातलं त्यांनी मला सांगायच्या कितीतरी आधी तुम्हाला कळलं होतं. पडलेल्या माणसाला उचलणारे पुष्कळ असतात. त्याची लाज राखायचं सुचणारे फार थोडे. आणि हे शिकवून येत नाही, कुठल्या कोर्सात मिळत नाही. ज्यानं दुसऱ्याचं मन जपायची सवय लावून घेतलेली असते त्याच्या हातून ते आपसूक होतं. आमच्याकडे त्याला आडोसा करणं म्हणतात. घाटावर अंघोळ करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला करतात, गाडीत तान्ह्याला पाजणाऱ्या आईला करतात. माझ्या नवऱ्याला तो तुम्ही केलात.

मग मी नोटा पुढं केल्या. तुम्ही माझी बोटं एकेक करून मिटवलीत. खाण्याचं काय, म्हणून तुम्ही समोरच्या दुकानातून खजूर घातलेला चिकट भात मागवलात, आत मांस नाही हे दाखवायला तो चमच्यानं उकलून दाखवलात आणि हे पूर्ण खाईपर्यंत स्टूलावरून उठू दिलं नाहीत. त्यानंतर मी अक्रोड मागितले, तेव्हा मात्र तुम्ही सरळ दुकानदार झालात. एक अक्रोड फोडून गर दाखवलात, काटा माझ्याकडे वळवलात, पाटीवर लिहिलेलाच भाव लावलात आणि ते पैसे बिनदिक्कत घेतलेत. मला त्याचं किती बरं वाटलं, काय सांगू! उपकाराचं ओझं तुम्ही आमच्या डोक्यावर ठेवलं नाहीत.

संध्याकाळी मी हॉटेलवर चला म्हणत होते, पण हे ऐकेनात. थोरल्या हंस-मनोऱ्यापाशी जायचंच. 652 साली चिनी प्रवासी भिक्षू ह्युएनत्संगानं भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी बांधलेला तो मनोरा, समोर त्याचा हातात काठी घेतलेला पुतळा. 645 साली तो 657 ग्रंथ घेऊन तुमच्या ह्याच शहरात परतला. त्याच्या चार वर्षं आधी, 641 च्या सुमारास तो आमच्या महाराष्ट्रात येऊन गेला होता, चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यात. त्यानं आमच्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय: हे लोक साधे आणि प्रामाणिक, उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ, वैऱ्याशी निष्ठुर, आणि अडलेल्यानं मदत मागितली तर स्वतःचं भान विसरून धावून जातात. ह्यांनी वर्षानुवर्षं हा उतारा वर्गात अभिमानानं शिकवला. त्या पुतळ्यापुढं उभे राहून हे मला म्हणाले, ‘आज धावून कोण आलं, बघितलंस ना?’

बघितलं. चौदाशे वर्षांपूर्वी ज्या मुलखाच्या लोकांचं हे कौतुक लिहिलं गेलं, त्याच मुलखातल्या ऑफिसानं आम्हाला वाऱ्यावर सोडलं. परत आल्यावर तक्रार केली तर म्हणे विम्याचा फॉर्म भरा. एकानंही ‘काका कसे आहेत’ असं विचारलं नाही. मला त्यांच्याकडून पैसे नकोत, हे त्यांनाही मी लिहून कळवलंय. आणि ज्या गावात ते कौतुक लिहिलं गेलं, तिथल्या खारका-अक्रोड विकणाऱ्या बाईनं त्यातला शब्द न् शब्द खरा करून दाखवला. मग त्यातलं आमच्या वाट्याचं, कृतज्ञतेचं, तेवढं तरी मी करायला नको?

माझ्या पुतणीची मैत्रीण पुण्यात चिनी शिकते. ती हे पत्र तुमच्या लिपीत उतरवून देणार आहे. दुकानाचा पत्ता आमच्याकडे पिशवीवर छापलेला आहे, त्यावर टपालानं पाठवतेय. सोबत ह्यांनी तुमच्याच गावच्या कुंचल्यानं मोडीत लिहिलेला कागद आहे आणि मी केलेली तिळाची वडी. पूर्ण शाकाहारी आहे, घरात सगळ्यांना द्या, त्या हातोडेवाल्या पोरांनाही. कधी भारतात येणं झालं तर वाईला या. आमच्याकडे उतरायचं, हॉटेल शोधायचं नाही.

आणि हे वाचणारं कुणी शिआनला जाणार असेल तर मला विचारा, पिशवीवरच्या पत्त्याचा फोटो पाठवते. अक्रोड त्यांच्याकडूनच घ्या. भावात घासाघीस करू नका.

तुमची कृतज्ञ,
वाईहून एक बहीण